बांधून आलेल्या जुन्या इंजिनात पहिलं ऑईल कुठलं टाकायचं?

जुनं इंजिन बांधून झालं आणि ऑईल कुठलं टाकू असं विचारलं की जितकी माणसं तितके डबे. एक म्हणतो साधं मिनरल टाक आणि विसरून जा, दुसरा म्हणतो डिझेलचं टाक त्यात झिंक भरपूर असतं, तिसऱ्याचं सिंथेटिकशिवाय पान हलत नाही, आणि एखादा जुना मिस्त्री भेटलाच तर तो डिटर्जंट नसलेलं ऑईल शोधायला लावतो. गंमत म्हणजे यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या इंजिनाच्या बाबतीत बरोबर असतो, फक्त ते इंजिन तुमचं असेलच असं नाही. म्हणून ब्रँडवरून भांडण्याआधी आपल्या इंजिनाच्या पोटात काय बसवलंय ते बघायचं, मग डब्यामागची बारीक अक्षरं वाचायची आणि मग टाकायचं. खाली त्याच क्रमाने लिहितोय. फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन धरून चाललोय, टू-स्ट्रोकचं गणित पूर्ण वेगळं, ते यात आणू नका.

एकाच ऑईलकडून दोन उलटी कामं

रनिंग-इन म्हणजे नव्याने बांधलेल्या इंजिनाचे भाग सुरुवातीला चालवून एकमेकांत बसवणं, आणि त्याच्या ऑईलचा सगळा घोळ एका गोष्टीत आहे. रिंगांना (पिस्टनभोवतीच्या कड्यांना) थोडं घासायचं असतं आणि कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टला) अजिबात घासायचं नसतं, आणि दोघांना ऑईल तेच मिळतं.

आधी रिंगा. होनिंग केलेल्या, म्हणजे दगडाने घासून तयार केलेल्या बोअरवर (सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर) बारीक तिरक्या रेघांची जाळी असते, साधारण ४५ अंशात एकमेकींना छेदणारी. रिंगने त्या रेघांचे वर आलेले कंगोरे घासून काढायचे आणि खालच्या चरांमध्ये ऑईल राहू द्यायचं, एवढं झालं की रिंगा बसल्या. आता रिंगला भिंतीवर दाबतं कोण? तिचा स्वतःचा ताण असतो पण तो थोडाच, खरा जोर जळलेल्या गॅसचा, तो रिंगच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर दाबतो. म्हणजे इंजिनावर लोड असेल तरच रिंग जोरात दाबली जाणार. लोड नसेल, नुसतं आयडलिंग चालू असेल, किंवा ऑईल फारच निसरडं असेल तर कंगोरे तसेच राहतात, ऑईल भिंतीवर भाजून त्याचा काचेसारखा गुळगुळीत थर बसतो, आणि एकदा ग्लेझिंग झालं की पुढे कितीही पळवा, निळा धूर आणि ऑईल खाणं पाठ सोडत नाही. मग हेड उतरवून पुन्हा होनिंग.

कॅमचं बरोबर उलट. जुन्या बहुतेक इंजिनांत फ्लॅट टॅपेट असतात, म्हणजे टॅपेट (कॅमची उचल व्हॉल्व्हकडे नेणारा भाग) कॅमवर रोलरने गडगडत नाही तर सरळ घसरत जातो. नावात फ्लॅट असलं तरी त्याचा तळ बहुतेक डिझाइनमध्ये अगदी किंचित फुगीर असतो आणि कॅमच्या लोबला (उंचवट्याला) किंचित उतार दिलेला असतो, त्यामुळे टॅपेट जागेवर गोल फिरत राहतो आणि झीज एका रेषेवर न पडता सगळीकडे वाटली जाते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा जोर लोबच्या नाकावर एवढ्याशा जागेत येतो, तिथे ऑईलची फिल्म टिकत नाही, धातूला धातू लागतो. तिथे वाचवतं ते झेडडीडीपी, म्हणजे आपण ज्याला नुसतं झिंक म्हणतो ते झिंक आणि फॉस्फरसचं अ‍ॅडिटिव्ह. उष्णता आणि दाब मिळाला की ते पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ कडक थर तयार करतं आणि झीज त्या थराची होते, लोखंडाची नाही. नव्या कॅमवर हा थर अजून नसतो म्हणून पहिला अर्धा तास सगळ्यात धोक्याचा.

बेअरिंगना रनिंग-इन जवळजवळ लागतच नाही. ती ऑईलच्या दाबावर तरंगतात, त्यांना फक्त स्वच्छ ऑईल आणि पहिल्या क्षणापासून प्रेशर हवं.

पायरी पहिली: इंजिनाची चौकशी

ऑईलच्या दुकानात जाण्याआधी ज्याने इंजिन बांधलंय त्याच्याकडून ही माहिती घ्या, स्वतः बांधलं असेल तर कागदावर लिहून काढा.

कॅम कसला? पुशरॉड (टॅपेटपासून वर जाणारा दांडा) आणि फ्लॅट टॅपेट असेल, किंवा ओव्हरहेड कॅम आहे पण बकेट टॅपेट किंवा घसरता रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा हात) आहे, तर झिंक पाहिजे. रोलर टॅपेट असेल तर झिंकची चिंता निम्मी संपली, मग फक्त रिंगांचा विचार करा. कॅम आणि टॅपेट नवीन आहेत की जुनेच? जुने असतील तर प्रत्येक टॅपेट त्याच्याच लोबवर परत गेला पाहिजे, अदलाबदल चालत नाही. आणि नव्या कॅमवर जुने टॅपेट तर कधीच नाही, तिथे जगातलं कुठलंही ऑईल वाचवू शकत नाही.

स्प्रिंग किती कडक? जुन्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनात स्प्रिंगचा जोर अगदी मऊ असतो, कॅमची उचलही कमी, ती इंजिनं त्या काळच्या साध्या ऑईलवर आयुष्यभर चालली. त्याच जमान्यातल्या पण परफॉर्मन्स कॅम आणि डबल स्प्रिंग टाकलेल्या इंजिनाला मात्र रनिंग-इनचं खास ऑईलच हवं, तिथे चिंगूसपणा नको.

रिंगा कसल्या? साध्या कास्ट आयर्नच्या रिंगा लवकर बसतात, मॉलीचा (मॉलिब्डेनमचा) थर लावलेल्याही बारीक होनिंगवर पटकन बसतात, क्रोमच्या मात्र हट्टी, त्यांना बोअरचं फिनिश जरा खरखरीत लागतं आणि वेळही जास्त. क्रोम रिंगा, बारीक होनिंग आणि निसरडं सिंथेटिक हे तिन्ही एकत्र आलं की धुराची हमीच.

क्लच आणि गिअरबॉक्स त्याच ऑईलमध्ये आहेत का? बऱ्याच मोटरसायकलींत वेट क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, जुन्या ब्रिटिश प्री-युनिट गाड्यांत गिअरबॉक्स आणि प्रायमरी (इंजिनापासून क्लचकडे जाणारी चेन) वेगळे असतात. १९५९ ला आलेल्या मूळ मिनीत तर कार असूनही गिअरबॉक्स सम्पमध्येच (इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यात), म्हणजे इंजिनचं ऑईलच गिअर पण सांभाळतं आणि गिअरचे दात ऑईलला चिरडत राहतात.

फिल्टर आहे का? हा प्रश्न लोक विसरतात. फोक्सवॅगन बीटलच्या जुन्या इंजिनात कागदी फिल्टर नाहीच, नुसती जाळी आहे आणि ऑईल बसतं अडीच लिटर. बऱ्याच जुन्या मोटरसायकलींचं तेच. रनिंग-इनमध्ये निघालेला लोखंडाचा बुरा अडवायला काही नाही म्हटल्यावर ऑईल बदलणं हाच फिल्टर, त्यामुळे अशा इंजिनात महागड्या ऑईलपेक्षा लवकर लवकर बदललेलं साधं ऑईल केव्हाही चांगलं.

पायरी दुसरी: डब्यामागची अक्षरं

डब्यावर एपीआयचं (ऑईलचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचं) गोल चिन्ह असतं. त्यात वर सर्व्हिस रेटिंग (एसएम, एसएन असली अक्षरं), मधे ग्रेड म्हणजे ऑईलची जाडी आणि खालच्या कडेला कधी कधी एनर्जी कन्झर्व्हिंग किंवा रिसोर्स कन्झर्व्हिंग असे शब्द. हे खालचे शब्द दिसले की डबा परत ठेवायचा. त्याचा अर्थ ऑईलमध्ये घर्षण कमी करणारे मॉडिफायर आहेत, जे रिंगा बसू देत नाहीत आणि वेट क्लच सरकवतात. शिवाय त्यात फॉस्फरसही कमी ठेवलेला असतो.

फॉस्फरस कमी का केला तर तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे गाडीचा धूर साफ करणाऱ्या भागाला, मारतो. २००४ ला एपीआय एसएम आलं तेव्हापासून ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० असल्या पातळ ग्रेडना फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के म्हणजे ८०० पीपीएम आहे, २०१० चं एसएन आणि २०२० चं एसपी यातही तीच. पण लोक इथे घाई करतात आणि सगळ्याच नव्या ऑईलला झिंक नाही म्हणून शिव्या घालतात. ही कमाल मर्यादा त्या पातळ ग्रेडनाच आहे, १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ला नाही, त्यामुळे एसएन लिहिलेल्या २०डब्ल्यू-५० मध्येही झिंक चांगलं असू शकतं. असू शकतं, असेलच असं नाही. म्हणून कंपनीची टेक्निकल डेटा शीट काढा आणि झिंक आणि फॉस्फरसचे आकडे बघा. आकडाच देत नसेल तर ते ऑईल निदान पहिल्या अर्ध्या तासासाठी तरी नको.

आकडा किती हवा? फ्लॅट टॅपेटला साधारण १००० ते १४०० पीपीएम फॉस्फरस बघायचा, झिंकचा आकडा त्यापेक्षा थोडा वर असतो. स्प्रिंग कडक असतील तर या पट्ट्यातला वरचा आकडा धरा, मऊ असतील तर खालचा पुरतो. आणि जास्त म्हणजे चांगलं हे इथे खरं नाही. झेडडीडीपी प्रमाणाबाहेर गेलं की ते धातूला रासायनिकरीत्या खायला लागतं आणि कॅमच्या पृष्ठभागाचे टवके निघू शकतात. रनिंग-इनचं खास ऑईल आणलंय आणि वर झिंकची बाटली पण ओतलीय, हा प्रकार बऱ्याच ठिकाणी बघायला मिळतो. तो करू नका. ऑईल बनवणाऱ्याने सगळं मोजून मापून घातलेलं असतं, आपण वरून काही टाकलं की ते माप बिघडलं. ग्रॅफाइटच्या आणि टेफ्लॉनच्या बाटल्या तर रनिंग-इनमध्ये इंजिनच्या आसपासही नकोत.

मोटरसायकल असेल आणि क्लच ओला असेल तर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा, एमबी नको, एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, स्कूटरसारख्या कोरड्या क्लचवाल्या गाड्यांसाठी. एमएचा एक फायदा असा की त्याच्या नियमातच फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असावा असं आहे, त्यामुळे चांगलं मिनरल एमए ऑईल हे बऱ्याच जुन्या मोटरसायकलींना रनिंग-इनसाठी सरळ चालून जातं, खास काही शोधावं लागत नाही.

ग्रेडबद्दल थोडक्यात. मॅन्युअल जे सांगतं ते. जुन्या मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा एसएई ३० किंवा ४० लिहिलेलं असतं, कारण त्या काळी मल्टिग्रेड एक तर नव्हती किंवा सगळीकडे मिळत नव्हती. गरम इंजिनात १०डब्ल्यू-३० हे एसएई ३० इतकंच जाड असतं आणि २०डब्ल्यू-५० हे ५० इतकं, फरक पडतो थंड असताना, म्हणून मॅन्युअलमधल्या ३० ऐवजी १०डब्ल्यू-३० चालतं, फक्त ते मिनरल आणि झिंकवालं हवं, आजकालच्या गाड्यांचं नको. नवीन इंजिनात क्लिअरन्स घट्ट असतात म्हणून मुद्दाम पातळ टाका आणि जुनं डिझाइन म्हणून मुद्दाम ५० टाका, हे दोन्ही सल्ले सारखेच कानाआड करा. बेअरिंगचा क्लिअरन्स मोजलेला असेल आणि तो मॅन्युअलच्या मापात असेल तर मॅन्युअलची ग्रेड बरोबर आहे. बाहेर बर्फ पडत असताना सिंगल ग्रेड ४० किंवा ५० टाकून इंजिन चालू करू नका एवढंच, पंपाला ते ओढताना जीव जातो आणि तोवर कॅम कोरडा.

सिंथेटिक, डिझेलचं आणि डिटर्जंट नसलेलं

सिंथेटिकने रिंगा बसत नाहीत हे अर्धं खरं आहे. कितीतरी नव्या गाड्या कारखान्यातून सिंथेटिक भरूनच बाहेर पडतात आणि त्यांच्या रिंगा बसतात. पण तिथे बोअरचं फिनिश कारखान्यातच कंगोरे कापून तयार केलेलं असतं, रिंगला करायला काम उरलेलंच नसतं. आपलं इंजिन बोअरिंगवाल्याकडून आलेलं, कंगोरे बऱ्यापैकी शिल्लक, त्यामुळे मिनरल. खरा दोष बेस ऑईलचा कमी आणि फ्रिक्शन मॉडिफायरचा जास्त, पण दुकानात मिळणाऱ्या बहुतेक सिंथेटिकमध्ये ते मॉडिफायर येतातच. तसंही हे ऑईल अर्ध्या तासात काढून टाकायचंय, मग महाग कशाला?

डिझेलचं १५डब्ल्यू-४०. एकेकाळी हा उत्तम जुगाड होता, सीआय-४ (एपीआयचंच डिझेलसाठीचं रेटिंग) पर्यंतच्या ऑईलमध्ये झिंक भरपूर असायचं. २००६ च्या सीजे-४ पासून आणि पुढे २०१६ च्या सीके-४ मध्ये फॉस्फरसला ०.१२ टक्क्यांची कमाल मर्यादा आली. तरी १२०० पीपीएमपर्यंत म्हणजे वाईट नाही. अडचण वेगळीच आहे, डिझेलच्या ऑईलमध्ये काजळी सांभाळायला डिटर्जंट आणि डिस्पर्संट भरपूर असतात आणि ते धातूच्या पृष्ठभागावर झिंकशीच जागेसाठी भांडतात. त्यामुळे आकडा तोच असला तरी कॅमवर थर बसायला वेळ लागतो. म्हणून मऊ स्प्रिंगच्या साध्या इंजिनात, विशेषतः कॅम जुनाच असेल आणि फक्त रिंगा नवीन असतील तर डिझेलचं चालतं. नवा कॅम आणि नवे टॅपेट असतील तर माझं मत स्पष्ट आहे, रनिंग-इनचंच ऑईल आणा.

डिटर्जंट नसलेल्या ऑईलची गोष्ट बहुतेक विमानांकडून आलीय. पिस्टन इंजिनच्या विमानांत ओव्हरहॉलनंतर सुरुवातीचे साधारण २५ ते ५० तास, म्हणजे ऑईल खाणं स्थिर होईपर्यंत, साधं मिनरल ऑईल वापरायची पद्धत आहे. पण ते ऑईल विमानाच्या इंजिनसाठी बनवलेलं, त्यात झेडडीडीपी नसतं. कारच्या दुनियेत नॉन-डिटर्जंट म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा एपीआय एसए असतं, म्हणजे कुठलंच अ‍ॅडिटिव्ह नाही, आणि एसए बद्दल एपीआयचीच सूचना आहे की १९३० नंतरच्या पेट्रोल इंजिनात वापरू नका. कॉम्प्रेसरला वापरा. रनिंग-इनच्या खास ऑईलमध्येही डिटर्जंट कमी असतो हे खरं, पण झिंक भरलेलं असतं. हा फरक लक्षात ठेवला की पुरे.

पायरी तिसरी: ऑईल ओतण्याआधी

होनिंगनंतर बोअर रॉकेलने पुसला म्हणजे स्वच्छ झाला असं नाही. होनिंगच्या दगडाची पूड चरांमध्ये अडकून बसते आणि रॉकेल ती फक्त पसरवतं. गरम पाणी, साबणाचा फेस आणि ब्रश, चांगलं घासून, मग लगेच कोरडं करून ऑईल लावलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसायचं. फडकं करडं झालं की परत घासायचं, पांढरं राहीपर्यंत. हे बांधणाऱ्याने केलं नसेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही, कारण ती पूड ऑईलबरोबर बेअरिंगमध्ये जाणार.

कॅमच्या लोबवर आणि टॅपेटच्या तळाला मॉलीची काळी असेंब्ली पेस्ट, बेअरिंगना असेंब्ली ल्यूब, आणि पिस्टन-रिंगांना फक्त रनिंग-इनचंच ऑईल, तेही पातळसं. पिस्टनला मॉलीची पेस्ट फासू नका, कॅमला जे हवं ते रिंगांना नको. डबल स्प्रिंग असतील तर बरेच जण पहिल्या रनला आतली स्प्रिंग काढून ठेवतात, नवा कॅम असेल तर हा खटाटोप करण्यासारखा आहे.

मग प्राइमिंग, म्हणजे इंजिन चालू करण्याआधीच ऑईल सगळीकडे पोचवणं. ज्या इंजिनात ऑईल पंप डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर चालतो तिथे डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलला रॉड लावून पंप फिरवता येतो, दिशा मात्र बरोबर धरा. गेजवर प्रेशर आलं आणि वर रॉकरपाशी ऑईल झिरपताना दिसलं की झालं. बीटलसारख्या इंजिनात पंप कॅमवरच चालतो, तिथे स्पार्क प्लग काढून स्टार्टर थोडा थोडा मारायचा, प्रेशर आलं की लगेच थांबायचं, कारण प्रत्येक फेऱ्याला कॅमवरची पेस्ट पुसली जातेय. ड्राय सम्पच्या, म्हणजे ऑईलची वेगळी टाकी असलेल्या मोटरसायकलीत त्या टाकीतून पंपापर्यंतच्या पाइपात हवा अडकते ती आधी काढायची आणि चालू झाल्यावर टाकीत ऑईल परत पडतंय का ते बघायचं.

फिल्टर असेल आणि तो उभा बसत असेल तर ऑईलने भरून लावा. लेव्हल डिपस्टिकच्या खुणेपर्यंतच, वर नाही.

पायरी चौथी: पहिली तीस मिनिटं

इथे नियम एकच, चालू झालं की आयडलिंगला येऊ द्यायचं नाही. म्हणून चालू होण्याआधी सगळं तयार पाहिजे. स्टॅटिक टायमिंग (इंजिन बंद असताना लावायची स्पार्कची वेळ) लावलेलं, कार्बोरेटरच्या फ्लोट बाऊलमध्ये पेट्रोल भरलेलं, रेडिएटर भरून हवा काढलेली, समोर मोठा पंखा, बॅटरी फुल चार्ज. नाहीतर काय होतं, चालू होईना म्हणून दहा मिनिटं स्टार्टर मारला जातो आणि तेवढ्यात पेस्ट पुसली जाऊन कॅम गेलेला असतो. पुढे दोन हजार किलोमीटरनंतर टकटक आवाज आला की मग ऑईलच्या नावाने खडे फोडायचे.

चालू झालं की प्रेशर बघा, आणि रेस २००० ते २५०० आरपीएमवर न्या. या वेगावर क्रँकवरून उडणारं ऑईल कॅमवर भरपूर पडतं. शिवाय आरपीएम वाढले की लोबच्या नाकावरचा स्प्रिंगचा जोरही थोडा हलका होतो, आयडलिंगला तो पूर्ण असतो. एकाच आरपीएमवर धरून ठेवू नका, त्या पट्ट्यात खालीवर करत राहा म्हणजे ऑईल सगळीकडे उडतं. २० ते ३० मिनिटं. गळती दिसली, टेम्परेचर चढलं तर सरळ बंद करा, दुरुस्त करा, परत चालू करून थेट २००० वर. आयडलिंगला ठेवून गळती शोधत बसू नका. पुशरॉड बाहेरून दिसत असतील तर ते हळूहळू गोल फिरताना दिसले पाहिजेत, एखादा नुसताच वरखाली होतोय आणि फिरत नाहीये तर तो लोब घासला जातोय, लगेच बंद.

एअर-कूल्ड मोटरसायकलला हे असं जागेवर तीस मिनिटं करू नका, वारा नसेल तर बोअर तापून पिस्टन पकडेल. बीटलला स्वतःचा पंखा असतो, तिला चालतं. मोटरसायकल असेल तर प्रेशर आणि ऑईलची परत तपासून सरळ रस्त्यावर काढा, मधले आरपीएम, खालीवर, मधे मधे थंड होऊ द्या. रोलर कॅम किंवा जुनाच कॅम असेल तर कारलाही हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागत नाही, गरम करा आणि रस्त्यावर न्या.

पायरी पाचवी: गरम असतानाच काढा, आणि फिल्टर फाडून बघा

त्या अर्ध्या तासानंतर ऑईल गरम असतानाच काढायचं. नवं कोरं ऑईल आहे, अर्धाच तास चाललंय, टाकून देऊ कसं, असा जीव तुटतो हे मान्य, पण त्यात होनिंगचे कंगोरे, मॉलीची पेस्ट, आणि बांधताना राहून गेलेलं काय काय फिरतंय.

फिल्टर फाडणं हे काम कोणीही टाळू नये. कटरने पत्रा कापा, करवतीने कापलात तर करवतीचाच बुरा आत पडेल. आतला कागद ब्लेडने काढा, व्हाइसमध्ये दाबून ऑईल पिळून टाका आणि पांढऱ्या कागदावर एकोर्डियनच्या भात्यासारख्या घड्या उलगडून उन्हात बघा. करडा चिखलासारखा बारीक लेप असेल, बोटाला चोळला तर कण लागत नसतील, तर ते रिंगांचं आणि बोअरचं, अपेक्षितच आहे. काळा चिकट थर असेल तर तो मॉलीचा. चमचमणारे, नखाने उचलता येतील असे तुकडे असतील तर लोहचुंबक जवळ न्या. चिकटले तर लोखंड, कॅम किंवा टॅपेट, व्हॉल्व्ह कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्हची उचल मोजा, एखादी कमी भरली की आरोपी सापडला. चिकटत नाहीत आणि तांबूस किंवा पिवळट आहेत तर बुश किंवा बेअरिंगचा तांब्याचा थर, करडे मऊ असतील तर बेअरिंगचा वरचा थर किंवा पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. तुकडे दिसूनही नवीन ऑईल टाकून पुढे जाणं म्हणजे पूर्ण इंजिन परत उघडायची तयारी. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर तोही पुसून याच नजरेने बघा.

दुसऱ्या वेळेला परत तेच रनिंग-इनचं ऑईल, नवा फिल्टर.

पायरी सहावी: रस्त्यावर रिंगा बसवणं

कॅमचं काम झालं, आता रिंगांची पाळी, आणि इथे लोक प्रेमाने इंजिन मारतात. हळू चालवा, ताण देऊ नका, असं म्हणत एका वेगाला लावून शंभर किलोमीटर नेतात आणि ग्लेझिंग करून आणतात. वर लिहिलंय तसं गॅसचा जोर लोडशिवाय येत नाही.

करायचं असं. पूर्ण गरम होऊ द्या. वरच्या गिअरमध्ये, मधल्या वेगापासून थ्रॉटल बऱ्यापैकी उघडून वेग वाढवा, मग थ्रॉटल पूर्ण सोडून गिअरमध्येच वेग उतरू द्या. वाढवताना रिंग भिंतीवर दाबली जाते, सोडल्यावर सिलेंडरमध्ये व्हॅक्युम होतो आणि खालून ऑईल वर ओढलं जाऊन रिंगा धुतल्या जातात, घासलेला बुरा ऑईलमध्ये जातो. असं आठ-दहा वेळा, मधे नेहमीसारखं चालवत. रेडलाइनला नेऊ नका आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोठ्या गिअरमध्ये कमी आरपीएमला इंजिन गुदमरवू नका. कास्ट आयर्न किंवा मॉलीच्या रिंगा असतील तर पहिल्या काही तासांतच धूर बंद होताना दिसतो, क्रोमला शेकडो किलोमीटर द्यावे लागतात, तेवढ्यावरून बोअरिंगवाल्याकडे भांडायला जाऊ नका.

साधारण ८०० किलोमीटरला हे दुसरं ऑईल काढा, फिल्टर परत फाडा, यावेळी लेप खूप कमी दिसला पाहिजे. फिल्टर नसलेल्या इंजिनात मात्र ८०० पर्यंत थांबू नका, २०० ते ३०० ला एकदा आणि नंतर परत एकदा बदला, जाळी काढून धुवा. या काळात पेट्रोलच्या दर टाकीला डिपस्टिक बघून लिहीत जा. ऑईल खाणं आधी जास्त, मग कमी, मग स्थिर असा आलेख दिसला की रिंगा बसल्या. कॉम्प्रेशन सगळ्या सिलेंडरचं जवळपास सारखं आहे का तेही त्याच सुमाराला मोजून ठेवा, पुढे तुलनेला आकडा हाताशी राहतो.

रनिंग-इनचं ऑईल तसंच ठेवून गाडी सीझनभर उभी करू नका. त्यात डिटर्जंट कमी आहे, अ‍ॅसिड आणि ओल सांभाळायची ताकद कमी आहे, बेअरिंगवर डाग पडतात.

त्यानंतर रोजचं ऑईल काय? फ्लॅट टॅपेट असेल तर १००० ते १२०० पीपीएमच्या आसपास फॉस्फरस असलेलं, मॅन्युअलच्या ग्रेडचं, डिटर्जंटवालं चांगलं ऑईल, क्लासिक गाड्यांसाठी म्हणून जी मिळतात त्यातली बरीच या पट्ट्यात बसतात, डेटा शीट मात्र इथेही बघाच. सिंथेटिकवर जायचं असेल तर ऑईल खाणं स्थिर झाल्यावर जा, आणि जुन्या पद्धतीचं दोरीचं ऑईल सील असेल तर थोडं झिरपणार हे धरून चाला. मोटरसायकलला एमए सोडू नका. ज्या इंजिनांत क्रँकमध्ये गाळ साठवायचा कप्पा असतो तो बांधताना साफ झालाय का ते विचारून घ्या, कारण झाला नसेल आणि तुम्ही आता भरपूर डिटर्जंटवालं ऑईल टाकलंत तर वर्षानुवर्षं साठलेला गाळ सुटून थेट बिग एंडकडे (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगकडे) जाऊ शकतो. साफ झाला असेल तर डिटर्जंटवालं बिनधास्त टाका.